कमलावतीची सासरं

अंबरनाथ पश्चिमेच्या मधुबन छाया सोसायटीत सुदाम गोरिवल्यांना सगळे सुदामकाका म्हणत आणि त्यांच्याशी बोलताना सगळे एक पाय जिन्यावर ठेवूनच बोलत. कारण काका एकदा बोटीवर चढले की उतरत नसत. बोट म्हणजे 'कमलावती' नावाची मालवाहू आगबोट. तरुणपणी दापोलीहून मुंबईला आलेले काका तिच्यावर आगवाला म्हणून लागले होते, म्हणजे बॉयलरची आग सांभाळायला. पुढे बोट भंगारात गेली आणि काका अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले. तिथेही बॉयलरवरच. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते, पण त्या कारखान्याबद्दल त्यांनी कधी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. कारखाना जागच्या जागी होता. त्याच्याबद्दल काय सांगायचं?

बोटीचं मात्र सांगण्यासारखं होतं. कमलावती काही जन्माची कमलावती नव्हती. महायुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडात बांधली गेली तेव्हा ती 'लेडी मार्जरी' होती. इंग्रजांनी वापरून नॉर्वेवाल्यांना विकली, ती झाली 'इंगरिड'. नॉर्वेवाल्यांनी ग्रीकांना विकली, ती झाली 'आयिओस स्पिरीदोन'. ग्रीकांनी मुंबईच्या एका शेठना विकली आणि शेठनी आपल्या आईचं नाव दिलं. दर वेळी नाकावरची जुनी लोखंडी अक्षरं छिन्नीने तोडायचे, वरून रंग मारायचे, पण वण राहायचेच. सकाळची उन्हं तिरपी पडली की चारही नावं एकमेकांत घुसून दिसायची. न्हाणीघरातल्या नळांवर गरम-गार नॉर्वेच्या भाषेत लिहिलेलं होतं, त्यामुळे नवा खलाशी हमखास भाजायचा. ग्रीकांनी त्यांच्या संताच्या तसबिरीसाठी केलेल्या कोनाड्यात कोकणातल्या पोरांनी गणपती बसवला होता आणि आरतीला घंटा वाजायची ती इंग्रजांची.

हे सगळं काका सांगत, आणि त्यात एक अक्षर इकडचं तिकडे करत नसत. कुणी म्हणालं, "काका, वादळात सापडला असाल ना?" तर काका म्हणत, "नाही. एकदा खूप हललो, पण त्याला वादळ म्हणता येणार नाही." ऐकणारा जिन्यावरचा पाय उचलून निघून जाई.

त्यांची बायको बनूबाई म्हणे, "जरा मीठमसाला घाला की ओ. लोकं उठून जातात ती काय उगाच?"

"झालं ते झालं. नाही झालं ते कसं सांगायचं?" काका म्हणत.

गेल्या वर्षी समोरच्या सोसायटीने सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात खरा घोडा आणला होता. घोड्याने पाहुण्यांचे हार खाल्ले, तरी अख्ख्या गल्लीत महिनाभर त्यांचंच नाव होतं. हे मधुबन छायाच्या जिव्हारी लागलं. यंदा आपण असं काहीतरी करायचं की घोडा विसरला पाहिजे, असं कुमुदिनीताईंनी ठरवलं. ताई बदलापूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, नाटक बसवण्याची भारी हौस. त्या विषय शोधत जिना उतरत होत्या आणि काका चढत होते.

"काका, तुम्ही बोटीवर होतात ना? थोडक्यात सांगा बरं."

थोडक्यात सांगून होईपर्यंत ताईंची भाजी आणायची वेळ टळली. पण त्या वैतागल्या नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकायला लागले.

"म्हणजे एक नवरी आणि चार सासरं! दर सासरी नवं नाव!"

"ताई, बोट ती. नवरी कसली?"

"बोट बाईमाणूस आहे की नाही? ती बोट म्हणतो ना आपण? मग झालं तर. 'कमलावतीची सासरं'! निवेदन तुम्ही करायचं."

काकांना नवरीचं पटलं नाही, पण माईक मिळणार हे ऐकून नाही म्हणता येईना. आजवर कमलावतीची गोष्ट अख्खी, मध्ये न उठता, कुणी ऐकली नव्हती. "एकच अट," ते म्हणाले. "जे झालं तेवढंच दाखवायचं. ती कधी बुडाली नाही, कधी फुटली नाही, तिचं इंजिन कधी भर समुद्रात बंद पडलं नाही. तिची बदनामी चालणार नाही."

"मंजूर," ताई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

बोट माणसांची करायची ठरली. पुढे एक माणूस वाकून नाक होणार, मागे एक माणूस शेपूट होणार, मधल्या पोटात भजनी मंडळाच्या चार बायका, आणि वरून सगळ्यांवर कापड. कापडाची जबाबदारी हरेशभाईंनी घेतली. हरेशभाई उल्हासनगरचे, कॅम्प तीनमध्ये त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना, आणि राहायला सोसायटीत तळमजल्यावर. त्यांनी नापास झालेल्या मालातून निळ्याशार जीन्सचं लांबलचक बोटीचं अंग शिवून आणलं. दोन्ही बाजूंना जीन्सचे मागचे खिसे ओळीने लावले होते. त्या खिडक्या.

"रंग जात नाही ना?" ताईंनी विचारलं.

"जाएगा कहाँ, ताई? आपल्याच अंगावर जाईल," हरेशभाई म्हणाले, आणि ते शब्दशः खरं निघालं. पहिल्या तालमीनंतर भजनी मंडळ कोपरापर्यंत निळं झालं.

अडचण रंगाची नव्हती, नाक-शेपटाची होती. नाक झाले धर्मराज म्हात्रे, कारण अंगाने तेच बोटीसारखे होते. शेपूट झाले सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत पाटणकर. या दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. धर्मराज आपली मोठी गाडी गेटाच्या उतारावर लावत, आणि तिच्या मागे श्यामकांतची स्कूटर कोंडली जाई. दोघांना एकमेकांना काही सांगायचं असलं, तर शेजारी उभं राहूनही सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकत. आता कापडाखाली दोघांचं एकच अंग झालं. धर्मराज लांब ढांगा टाकायचे, श्यामकांत एकेक पाऊल विचार करून. त्यामुळे बोट चालायला लागली की लांब होत जायची आणि पोटातल्या बायका ओरडायच्या.

"त्यांना सांगा, बोट हाय, वरात नाय," धर्मराज कापडातून म्हणायचे.

"त्यांना कळवा की मागच्या भागालाही पाय असतात," श्यामकांत म्हणायचे.

श्यामकांतना शेपूट व्हायचंच नव्हतं. त्यांना मुंबईचे शेठ व्हायचं होतं. ताईंनी तोडगा काढला. तिसऱ्या विक्रीच्या वेळी त्यांनी मागच्या मागे कापडातून बाहेर पडायचं, फेटा आधीच बांधून ठेवायचा, आणि शेठ म्हणून समोरून यायचं.

तिसरा तंटा काकांनीच उभा केला. बोट विकली गेली हे कळावं म्हणून दर विक्रीला भोंगा वाजवायचा होता. ताईंनी मोबाइलवर एक भोंगा शोधून ऐकवला. काका ऐकून खुर्चीतून उठले.

"हा डिझेलवाला भोंगा आहे. कमलावती वाफेवरची. वाफेची शिटी वाफेचीच पाहिजे."

"आता वाफ कुठून आणू, काका?"

"कुकर हाय ना," बनूबाई म्हणाली. वडे-चहाचं तिच्याकडेच होतं. "तसेही बटाटे उकडायचेच हायत. गॅस बारीक-मोठा केला की शिटी माझ्या हातात."

काकांना हे पटलं. आवाज बारीक असला तरी वाफ खरी होती. पहिली शिटी नॉर्वे, दुसरी ग्रीस, तिसरी भारत, असं सगळ्यांना पाठ झालं.

हरेशभाई ग्रीक मालक होणार होते. काका म्हणाले, तो मालक सूट घालायचा. ताई म्हणाल्या, प्रेक्षकांना ग्रीक कळायला पांढरी चादर पाहिजे. शेवटी सुटावर चादर असं ठरलं. मग काकांनी आणखी एक सत्य मध्ये आणलं, की मालक ग्रीक असला तरी बोटीवर झेंडा पनामाचा होता.

"तो का म्हणून?" ताई वैतागल्या.

"टॅक्स वाचवायला."

"समझ गया," हरेशभाई म्हणाले. "गाडी अंबरनाथची, नंबर प्लेट दमणची."

सव्वीस तारखेला संध्याकाळी आवारात मांडव भरला. समोरच्या सोसायटीची माणसंही आली होती, अर्थातच नाटक पडतं का ते बघायला. नगरसेवक येणार होते, ते आले नाहीत, त्यांचे मेहुणे आले. हार मेहुण्यांना घातला. काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माईकपाशी उभे होते. घसा तीनदा साफ करून झाला होता. त्यांना खरं तर भीती वाटत नव्हती. लग्नात मुलीला बोहल्यावर बघताना वाटतं तसं काहीसं वाटत होतं, आणि नवरीची कल्पना आपल्याला पटली नव्हती हे आठवून ते स्वतःवरच चिडले.

पडदा सरला. बोट उभी होती. निळी, लांब, खिशाखिशांची, मधोमध प्लास्टिकच्या पिंपाचं धुराडं, आणि त्यातून धूप जळत असल्यामुळे येणारा खराखुरा धूर. टाळ्या पडल्या. कुमुदिनीताई मोठी हॅट घालून इंग्लंड म्हणून आल्या. त्यांनी नाकावर तांब्यातलं पाणी शिंपडलं. "आजपासून तुझं नाव लेडी मार्जरी!"

पाणी धर्मराजांच्या कपाळावरून ओघळलं ते निळं होऊन.

काकांनी माईक धरला. "मंडळी, तो काळ युद्धाचा. समुद्रात पाणसुरुंग पेरलेले. अशा वेळी ही बोट गहू घेऊन..."

शिटी.

मागे झालं होतं असं की घरचा गॅस आयत्या वेळी संपला होता आणि बनूबाईने कुकर रात्रीच्या जेवणासाठी आलेल्या केटररच्या भट्टीवर चढवला होता. त्या भट्टीला बारीक-मोठं काही माहीत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचे राजरत्न जाधव नॉर्वे होते. विमा कंपनीत नोकरी, नियमाचे पक्के. माकडटोपी आणि दोन स्वेटर घालून घामाघूम उभे होते. शिटी म्हणजे शिटी. ते आले. "मी नॉर्वे. ही बोट मी विकत घेतली आहे."

"अहो, अजून युद्ध व्हायचंय!" ताई दातांतून म्हणाल्या.

"युद्ध संपलं," राजरत्न ठामपणे म्हणाले. स्वेटरात त्यांना आणखी एक मिनिट नको होतं.

काकांनी युद्ध तिथेच सोडून दिलं. "तर मंडळी, युद्ध संपलं. आता ती झाली इंगरिड. नॉर्वेची माणसं शांत. बारा-तेरा वर्षं तिने कागदाचा लगदा वाहिला. एकदाही..."

शिटी.

सुटावर चादर, डोक्यावर कढीपत्त्याचा मुकुट अशा थाटात ग्रीस आला. ठरल्याप्रमाणे हरेशभाईंनी फक्त 'घेतली' म्हणायचं होतं. पण समोर माल आहे आणि भाव न करता घ्यायचा, हे त्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

"इतनी पुरानी बोट? नॉर्वेसाहेब, शिलाई तर बघू द्या," असं म्हणत त्यांनी बोटीच्या कमरेचं कापड दोन्ही हातांनी ताणलं.

शिटी.

तिसरी शिटी म्हणजे भारत. मागे श्यामकांत शेठ व्हायला मागच्या मागे निघाले. पुढे धर्मराज मुंबईकडे जायला पुढच्या पुढे निघाले. मध्ये हरेशभाईंनी कापड धरलेलं होतंच. टर्र असा आवाज झाला, तो मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

बोटीचे दोन तुकडे झाले.

पुढचा तुकडा धर्मराज आणि दोन बायकांसह सरळ चालत गेला आणि मांडवाच्या खांबावर आपटून थांबला. मागच्या तुकड्यात श्यामकांतचा फेटा कापडात अडकला, त्यांना दिसेनासं झालं, आणि तो तुकडा उरलेल्या दोन बायकांना घेऊन जागच्या जागी गोल फिरू लागला. धुराडं मध्येच पडलं आणि गडगडत मेहुण्यांच्या पायाशी गेलं.

समोरच्या सोसायटीतून कुणीतरी म्हणालं, "बुडाली वाटतं."

विंगेत ताईंनी हॅट काढली. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. काकांनी तो पाहिला. सगळ्यांचे निळे हात पाहिले, स्वेटरात वितळणारे राजरत्न पाहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की ही सगळी माणसं महिनाभर आपल्याच बोटीसाठी राबली. आता 'क्षमा असावी' म्हणून पडदा पाडायचा, एवढंच उरलं होतं. काकांनी त्यासाठीच माईक तोंडाशी नेला होता.

"आणि मंडळी," काका म्हणाले, "बिस्केच्या उपसागरात असं वादळ उठलं, असं वादळ उठलं, की बोटीचे मधोमध दोन तुकडे झाले!"

बनूबाई आतून धावत येऊन पडद्यापाशी थबकली. तिने नवऱ्याला इतक्या वर्षांत कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

काका स्वतःही थबकले. त्यांना वाटलं होतं जीभ झडेल. पण जीभ मजेत होती. मांडव पुढे सरकून बसला होता.

"पण बुडाली नाही! पुढचा अर्धा तरंगत राहिला, मागचा अर्धा तरंगत राहिला. पुढच्याला इंजिन नाही, मागच्याला नाक नाही. अशी दोन्ही अर्धकं एकमेकांना शोधत समुद्रभर फिरली. आणि भेटली कुठं? एका बंदराच्या तोंडाशी. तिथं जागा एकाच बोटीची!"

धर्मराज खांबापासून वळले. त्यांना सूचना बरोबर कळली, की त्यांच्या मनात दोन वर्षं होतंच ते बाहेर आलं, देव जाणे. "ही जागा माझी हाय! मी आधी लावलंय!"

गोल फिरणारा तुकडा थांबला. कापडातून श्यामकांतचा आवाज आला. "बंदर सर्वांचं आहे! नियमावली वाचा! मी रोज सकाळी आत कोंडला जातो!"

"मंग लवकर उठत जा!"

"मी का लवकर उठू? तुम्ही जरा पुढे घ्या ना! दोन हात पुढे घेतलं तर काय बिघडतं तुमचं?"

"येवढंच होतं तं तोंडानं सांगाचं ना! ग्रुपवर काय टाकतं? मना चष्म्याशिवाय वाचता येत नाय!"

मांडव कोसळायचा बाकी राहिला. सोसायटीच्या माणसांना सगळं माहीत होतं, ती पोट धरून हसत होती. समोरच्या सोसायटीला काही माहीत नव्हतं, ती बोटींचा संवाद म्हणून टाळ्या वाजवत होती.

शिटी.

चौथी शिटी नाटकात नव्हतीच. सगळे एकमेकांकडे बघू लागले. एवढ्यात बटाटे झाले हे सांगायला बनूबाई सांडशी घेऊन रंगमंचावर आली.

"आणि जपानने बोट विकत घेतली!" काका ओरडले.

"काय घेतली मी?" बनूबाई म्हणाली.

"पुढचा अर्धा की मागचा?"

बनूबाईने दोन्हीकडे बघून घेतलं. "दोन्ही द्या. आणि धुऊन द्या, रंग जातोय त्यांचा."

मग कुणालाच आवरता येईना. भट्टीवर दुसरा कुकर चढला होता, शिट्या येत राहिल्या, आणि दर शिटीला कुणीतरी प्रेक्षकांतून उठून देश होऊ लागलं. ब्राझील झालं, बोलिविया झालं, टिटवाळ्याहून कुणाकडे तरी पाहुणे आलेले एक गृहस्थ ऑस्ट्रेलिया झाले. काका दर मालकाला एक प्रवास देत होते, दर प्रवासाला एक संकट. एका फेरीत बोटीने नुसते हत्ती नेले. एका फेरीत जीन्स नेल्या, तेव्हा हरेशभाईंनी वाकून नमस्कार केला. शेवटी मेहुण्यांनाही राहवलं नाही. ते हारासकट वर आले आणि माईक घेऊन म्हणाले, "साहेबांच्या वतीने ही बोट मी अंबरनाथकरांना अर्पण करतो." सवयीनेच म्हणाले, पण टाळ्या खऱ्या पडल्या.

बायकांनी पदरांच्या पिना काढल्या आणि बोट जोडली. घाईत उलटी जोडली गेली. शेपूट पुढे, नाक मागे. म्हणजे श्यामकांत फेट्यासह सर्वांत पुढे आले आणि बोट मालकासकट मुंबईकडे निघाली. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद सोसायटीने ऑडिट पार पडल्यावरही पाहिला नव्हता.

"मग आता कुठंय ती बोट?" पहिल्या रांगेतून समोरच्या सोसायटीच्या गयाबाईंनी विचारलं.

याचं खरं उत्तर काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मुंबईत बोटी मोडतात त्या दारूखान्याच्या चिखलात भरतीच्या पाण्यावर तिला चढवली तेव्हा ते खाली बॉयलरपाशीच होते. वरून हुकूम आला आणि तिची शेवटची आग त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली. नंतर दोन दिवसांनी ते पुन्हा बघायला गेले, तर कापणाऱ्यांनी नाकापासूनच सुरुवात केली होती. चारही नावं असलेला पत्रा आधी गेला. हे ते नेहमी सांगत, आणि नेहमी इथे येईपर्यंत ऐकायला कुणी उरलेलं नसे. आज अख्खा मांडव उरला होता.

काकांनी त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं.

"उल्हास नदीतून आणत होतो तिला इकडेच," ते म्हणाले. "जांभूळ गावापर्यंत आली. तिथे बंधाऱ्याला अडली. पाण्याच्या टाक्यांमागे उभी आहे."

घरी गेल्यावर काका बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. बनूबाईने वडे पुढे ठेवले. "बरं वाटत नाय काय ओ?"

"बरं वाटतंय," काका म्हणाले. "तेच कळत नाही."

पुढच्या रविवारी समोरच्या सोसायटीची चार-पाच कुटुंबं रिक्षा करून जांभूळला बोट बघायला गेली. त्यांचं बघून बदलापूरचीही माणसं गेली. पाणीपुरवठ्याच्या राखणदाराने आधी समजावलं, मग हात जोडले, मग गेटावर खडूने लिहिलं, 'येथे बोट नाही. चौकशी करू नये.' तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा अर्ध्या लोकांनी लिहिलं की एवढं लपवतायत म्हणजे असणारच. धर्मराज आता गाडी दोन हात पुढे लावतात आणि स्कूटर निघताना खिडकीतून ओरडतात, "ये मागच्या, निघाली का?" श्यामकांत हात वर करतात. ग्रुपवर मात्र अजूनही नियमावली टाकतात.

काकांना मात्र मागाहून धाकधूक लागली. तिची बदनामी चालणार नाही म्हणणारे आपण, आणि आपणच तिला फोडली. कुणी जुना खलाशी हे ऐकून जाब विचारायला आला तर?

आणि एके दिवशी दुपारी तसा एक जण आला. बदलापूरहून, रिक्षा बदलत. शिडशिडीत म्हातारा, डोक्याला टोपी, पायांत नवे बूट. दारातच म्हणाला, "मी किसन. कमलावतीवाले सुदामराव तुम्हीच ना? मीपण होतो तिच्यावर."

इतक्या वर्षांनी तिच्यावरचं माणूस! काकांनी हात धरून त्याला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. "कधी होता? कुणाच्या हाताखाली? इंजिनात की डेकवर?"

किसनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जरा इकडेतिकडे बघितलं.

"पुढच्या अर्ध्यावर," ते म्हणाले.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. हातांवर तेलाचा डाग नाही, भाजल्याची खूण नाही. बोटीवर राहिलेला माणूस बसताना पाय जरा फाकवून बसतो, तसं काही नाही. या माणसाने समुद्र पाहिला असलाच, तर सहलीच्या बसमधून. पण डोळ्यांत असं काही होतं की काकांना 'खोटं बोलताय' म्हणवेना. मांडवात आपल्याला जे झालं होतं, तेच या माणसाला काकांच्या दारात झालेलं होतं.

"पुढच्या अर्ध्यावर जेवणाचं कसं होतं?" काकांनी सावधपणे विचारलं.

"हाल," किसनराव लगेच म्हणाले. "आचारी मागच्या अर्ध्यावर राहिला ना! आम्ही नुसते मासे धरून खात होतो. तुमच्याकडं चूल होती, पण दिशा दाखवायला कोण नव्हतं."

"नव्हतं," काका म्हणाले. "गोल फिरत होतो."

"आम्हाला दिसायचा की तुमचा धूर! हाका मारल्या किती."

स्वयंपाकघराच्या दारात बनूबाई चहाचे कप घेऊन उभी होती. तिने कप ठेवले, आणि जाण्याऐवजी पाटावर बसली.

"बोलिवियाला गेलो तेव्हाचं आठवतं?" किसनरावांनी विचारलं.

बोलिवियाला समुद्र आहे की नाही, हे काकांना नक्की माहीत नव्हतं. "तेव्हा मी रजेवर होतो," ते म्हणाले.

"असं होय! मग तुम्हाला ठाऊकच नसणार," किसनराव म्हणाले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी चहाचा घोट घेतला. "तिथं ती डोंगरावर चढली होती."

"कोण, कमलावती?"

"आपलीच की."

काकांनी पाय वर घेतले आणि मांडी घातली. "सावकाश सांगा," ते म्हणाले. "अजिबात घाई नाही."